तीन फुटांची वाट

आमच्या वरच्या घराचं दार वीतभर उघडायचं आणि थांबायचं. दाराला साखळी नव्हती. मागे सामान होतं.

वाशीच्या त्या इमारतीत आम्ही राहायला आलो तेव्हा भोवताली अर्ध्या इमारती रिकाम्या होत्या आणि खिडकीतून खाडीचा चिखल दिसायचा. वरच्या मजल्यावर एक मास्तर आणि त्यांची बायको, आमच्या आधीच आलेले. परळच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर वर्षभरात अर्धांगाने पडले. बायकोला सगळे काकू म्हणत. शेजाऱ्यांनी पाठवलेलं खाणंपिणं त्या दाराच्या फटीतून घेत, हसून घेत, आणि दार लावत. दोन वर्षं आम्ही एवढंच पाहिलं.

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. पट्टे, बेअरिंगं, रंगाचे ड्रम, पुसायच्या चिंध्या. कुठली वस्तू कुठल्या घोडीवर, म्हणजे लोखंडी मांडणीवर, आहे हे डोळे मिटून सांगणं हे माझं काम. पुढे मी ओळखीपाळखीच्या पंधराएक घरांतली अडगळ काढून दिली, आणि अजूनही कोणी ना कोणी बोलावतं. त्यामुळे लोकांना वाटतं की मला याची आवड आहे. मला आवड नाही. मला भीती वाटते. तिची सुरुवात या घरापासून झाली, म्हणून हेच लिहिते.

आमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल धरली तेव्हा मी वर गेले. दार वीतभर उघडलं. मी म्हटलं, मोरीचं पाणी खाली झिरपतंय, बघू द्या. काकू म्हणाल्या, "तू येशील का आत? आडवी हो आणि ये." मी आडवी झाले आणि गेले.

आत वर्तमानपत्रांच्या थप्प्या माझ्या खांद्याच्या वर होत्या. त्यांच्यावर गोणपाटं, गोणपाटांवर पत्र्याचे तुपाचे डबे, डब्यांत दुधाच्या बाटल्यांची चंदेरी बुचं. परळहून आलेली खोकी सुतळीसकट तशीच होती. लग्नपत्रिका, मिठाईच्या पुड्यांचे दोरे, औषधाच्या बाटल्या. मधून एक वाट होती, माणूस एका अंगावर चालेल इतकीच. वर छताजवळ थोडी हवा राहिली होती. मला आधी घाण वाटली नाही. आधी वास आला. रॉकेलचा.

रॉकेलची टंचाई असायची, त्यामुळे जपून ठेवणं तेव्हा सगळेच करत. पण इथे तीन डबे कागदांच्या थप्पीला टेकून ठेवलेले होते आणि दीड हातावर पंपाचा स्टोव्ह होता. ओट्यावर दुसरं काही ठेवायला जागाच नव्हती. उरलेल्या ओट्यावर वाट्या, पातेल्या, झाकण्या एकात एक घालून खिडकीच्या गजापर्यंत रचलेल्या होत्या.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या कारखान्यात रंगाच्या गोदामाला आग लागली होती. ड्रम जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवले होते, कारण दुसरीकडे जागा नव्हती. आतला माणूस घोड्या चाचपत चाचपत बाहेर आला. वाचला. हातांची कातडी मात्र घोडीच्या लोखंडाला राहिली. त्यानंतर नियम झाला की वाट तीन फूट मोकळी हवी. मी रोज सकाळी लाकडी गज घेऊन ती वाट मोजत असे. म्हणून त्या घरात उभी राहिल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर डोळ्यांनी वाट मोजली. चौदा इंच.

आणि मास्तर शेवटच्या खोलीत होते.

"या साहेब," ते पलंगावरून म्हणाले. "तपासणीला आलात? पट अपुरा आहे, विद्यार्थी एकच, आणि तोही आडवा." उजवं अंग गेलेलं होतं, जीभ शाबूत होती. काकू मोरी दाखवायला वळल्या तेव्हा त्यांनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"आग लागली तर मी जाईन, त्याचं मला काही नाही. पण ही मला काढायला आत येईल. ती येणारच. आणि या वाटेत दोघं मावत नाहीत."

मी खाली आले आणि आमच्या हॉलमध्ये खुर्ची मोजली. हात असलेली लाकडी खुर्ची, तेवीस इंच. माणसाला बसवून उचलायचं तर दोन्ही बाजूंनी हात हवेत. तीन फूट हवेच होते. ओल कुठून येते ते मी बघून आले होते की नाही, हे नवऱ्याने विचारलं तेव्हा मला आठवेना.

त्या दिवसापासून वरून स्टोव्हचा आवाज आला की माझं लक्ष तिकडे. पंप मारल्याचा, मग पिन मारल्याची टिकटिक, मग पेट घेतल्याचा फुस्स. फुस्स झाल्यावर मी श्वास सोडायची. सकाळ-संध्याकाळ, रोज.

मी काकूंशी बोलून पाहिलं. एकेक वस्तू उचलून विचारायचे, हे कशाला? त्या म्हणायच्या, "लागेल." सुतळी? लागेल. फुटक्या कानाचा कप? लागेल. बुचं? "अगं, चांदीसारखी आहेत, टाकवतात का?" बाई वेडी नव्हती. हिशेबात, बोलण्यात, नवऱ्याच्या औषधाच्या वेळांत माझ्यापेक्षा चोख होती. फक्त घरातून काही बाहेर गेलं की तिचा चेहरा पाण्यात पाय न टेकलेल्या माणसासारखा व्हायचा.

मग मी चूक केली.

काकू एका मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे शिवला जाणार होत्या, म्हणजे बसने जाऊन येऊन पाच तास.  मास्तरांकडे बघायला म्हणून काकूंनी स्वतःच माझ्याकडे किल्ली ठेवली होती. हे सांगायला हवं. मी रजा टाकली. मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, "कर. ती रागावेल. रागावलेली चालेल." रद्दीवाल्याला बोलावलं, भंगारवाल्याला बोलावलं. जिन्यात बोहारीण बसली होती, तिला जुन्या कपड्यांची मोठी गाठोडी दिली, विटलेली, विरलेली धोतरं, पंचे, लुगड्यांचे तुकडे. तिच्याशी घासाघीस करून त्यावर एक झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. साडेतीन तासांत दारापासून पलंगापर्यंत वाट झाली. मी गज आडवा टाकून पाहिला. तीन फूट आणि वर एक इंच. मला फार बरं वाटलं.

काकू आल्या. दार सताड उघडं बघून उंबऱ्यातच थांबल्या. मी डबा पुढे केला. "जुन्या कपड्यांवर हा आला."

"कुठले कपडे?"

"ते मोरीच्या बाजूचे. चिंध्या होत्या हो काकू."

त्या आत गेल्या, मोरीच्या बाजूला बघितलं, परत आल्या. ओरडल्या नाहीत. "त्या यांच्या होत्या," त्या म्हणाल्या. "यांना दिवसातून चारदा पुसावं लागतं. नवं कापड टोचतं, कातडी निघते. दहा वर्षांचं विरलेलं धोतर लागतं त्याला. आता कशाने पुसू? या डब्याने?"

कारखान्यात चिंध्या म्हणजे यंत्र पुसून फेकायचा माल. मी त्या घरातली एकुलती एक खरोखर लागणारी वस्तू दिली होती, आणि बदल्यात आणखी एक डबा आणला होता.

दार बंद झालं आणि अकरा दिवस आमच्यासाठी उघडलं नाही. किल्लीही परत घेतली गेली. त्या अकरा दिवसांत मी जिन्यात उभी राहून आतला आवाज ऐकायची. काहीतरी ओढल्याचा, रचल्याचा. काकू पहाटे बाहेर पडायच्या आणि बाजूच्या बांधकामावरून सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, फळ्यांचे तुकडे घेऊन यायच्या. बाराव्या दिवशी माझ्यासाठी दार उघडलं ते वीतभरही नाही, चार बोटं. मी मोकळी केलेली वाट पहिल्यापेक्षा दाट भरली होती. आणि या वेळेला लाकडाने.

मी माझ्या दोन जुन्या सुती साड्या फाडल्या, उकळल्या, वाळवल्या, घड्या घातल्या आणि दाराच्या कडीला अडकवून आले. तासाभराने बघितलं तर घड्या आत गेल्या होत्या. निरोप काही नाही. आठवड्याने आणखी दोन साड्या. शेजारणींकडूनही मागितल्या. कशाला म्हणून विचारलं तर सांगितलं, मशीन पुसायला. खरं सांगायला मला तोंड नव्हतं.

आता तो रविवार. सकाळचे अकरा. दर रविवारी येणारी दिवाळे गावची कोळीण आमच्या दारात टोपली उतरवून बसली होती. मी बोंबलांचे डोळे बघत होते आणि ती म्हणत होती, "बग बग, लगनाची पोरगी बगतेस जशी." वरून टिकटिक आली. पिन. मी थांबले. टिकटिक परत. मग फुस्स आला नाही, भप्प असा आवाज आला. आणि काकूंची किंकाळी.

मी धावले. माझ्यामागे कोळीण. फटीतून धूर येत होता, काळा, आणि आतून तांबडं काहीतरी हलत होतं. कोळणीने पदर खोचला आणि दाराला खांदा लावला. "कोन हाय आत? दार उगड गो बाय!" दार चार बोटं होतं ते सहा बोटं झालं. आत काहीतरी घसरलं.

"ढकलू नका!" काकू आतून ओरडल्या. "ढीग माझ्या अंगावर येतोय! दार ढकलू नका!"

कोळणीने खांदा काढला. माझा हात दारावर होता. ढकललं तर काकू फळ्यांखाली, नाही ढकललं तर दोघंही धुरात. मास्तर आतून ओरडत होते, "तिला काढा! आधी तिला काढा!" त्यांच्या आवाजात विनोद नव्हता, आणि तोपर्यंत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. मी कारखान्यात वाळूच्या बादल्या, भोंगे, पाइप सगळ्यांची यादी ठेवते. त्या जिन्यात माझ्याकडे काहीच नव्हतं. दाराच्या लाकडाला मी हात लावून होते, ते गरम होतंय का हे बघायला. किती वेळ, सांगता येणार नाही. कोळीण शेजारी उभी राहून तिच्या देवीचं नाव घेत होती. टोपलीतून गळलेलं बर्फाचं पाणी अजून तिच्या खांद्यावरून ओघळत होतं.

मग पाणी ओतल्याचा आवाज आला. चर्र. परत चर्र. मग ओलं काहीतरी आपटल्याचा. मग काही नाही. हे 'काही नाही' सगळ्यांत वाईट होतं.

काकू फटीत आल्या. एक भुवई जळली होती. हातात ओलं गोणपाट.

"विझलं," त्या म्हणाल्या. "गोणपाटं होती म्हणून विझलं. तू म्हणत होतीस कशाला, कशाला." मग कोळणीकडे बघून नाकाला पदर लावला. "आणि हिला खाली जायला सांग. घरात माशांचा वास शिरतोय."

"आता वास!" कोळीण म्हणाली. "बाये, मघाशी तुजाच वास येनार व्हता."

 मी पायरीवर बसले.

संध्याकाळी काकूंनी दारामागच्या फळ्या बाजूला ओढून स्वतः दार उघडलं, जेवढं उघडेल तेवढं, आणि मी आत गेले. ओटा काळा झाला होता. वाट्यांच्या रचलेल्या खांबालाही काजळी लागली होती. काहीतरी करायचं म्हणून मी वाट्या पुसायला घेतल्या. प्रत्येकीच्या काठावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. तळमजल्यावरच्यांचं. समोरच्यांचं. बदली होऊन पुण्याला गेलेल्यांचं. एक माझी.

"काकू, ही माझी वाटी. गणपतीत पंचखाद्य दिलं होतं."

"तुझीच. दुसऱ्याची वाटी रिकामी परत करतात का?" त्या म्हणाल्या. "काहीतरी करून घालावं म्हटलं. तोवर हे पडले. मग ओट्यावर जागा नाही. वाट्या यायच्या थांबेनात. यांना बरं नाही म्हणून जो तो पाठवतोय."

मी बघितलं तर एकतीस भांडी होती. ओट्यावर भांडी, म्हणून काही करता येत नाही. काही करता येत नाही, म्हणून भांडी जात नाहीत. बाकी ढीग कुठून सुरू झाला ते मी कधी विचारलं नाही. ते मला सरळ करता आलं नसतं, हे करता येत होतं.

"साखर घाला की चमचाभर. साखर चालते."

"आपल्या घरची हवी पण. तू आणलेली नको."

म्हणून रेशनच्या साखरेतून आठवड्याला तीन-चार वाट्या गेल्या. प्रत्येक वाटी मी पोचवायची आणि त्या घरच्या बाई काय म्हणाल्या ते येऊन सांगायचं. नुसतं "घेतली" सांगून चालायचं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तोही माझ्याच धंद्यातला. आमच्या स्टोअरमधून माल कधी फेकला जात नाही, तो कोणाला तरी दिला जातो, आणि चिठ्ठीवर घेणाऱ्याचं नाव असतं. मी इतके महिने काकूंना 'कशाला' विचारत होते. मी 'कोणाला' विचारायला लागले.

वर्तमानपत्रं कोणाला? कोळणीला, मासे बांधायला. काकूंनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या, पण देवाचं चित्र असलेलं पान मासळीला जाता कामा नये. म्हणजे प्रत्येक अंक उघडून बघायचा. एका थप्पीला एक रविवार. कोळीण पायरीवर बसून ओरडायची, "आटप गो, गनपती शोदतेस का पापलेट?" आणि काकू आतून, "थांब! इथे मारुती आहे!" डबे तुळशी लावायला. बाटल्या दवाखान्यात. फळ्या बांधकामावरच्या बायकांना चुलीसाठी. त्या त्यांच्याच होत्या खरं तर.

हे वाचायला बरं वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तीन फूट व्हायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत रोज दोनदा वर तो स्टोव्ह पेटत होता. रॉकेलचे डबे मी जिन्यात आणून ठेवले, दुसऱ्या दिवशी एक परत आत. वाळूची बादली नेऊन ठेवली. आठवड्याने बघते तर वाळूत आल्याचे तुकडे पुरलेले. वाट सोळा इंच. एकोणीस. एकदा बावीसवरून परत अठरा, कारण कोणाच्या तरी मोडक्या पाळण्याचं लाकूड आत आलं होतं. कामावर मी गज टेकून उभी असायची आणि कुठेही भप्प झालं की सवयीने छताकडे बघायची. नवरा म्हणाला, "लोकांची घरं तू आवरतेस, आणि झोप आपली जाते." खरं होतं. 

छत्तीस इंच झाले त्या रविवारी मी आमची खुर्ची वर नेली. मास्तरांना बसवलं, दुपट्याने बांधलं. एका बाजूला माझा नवरा, दुसऱ्या बाजूला माणूस हवा होता. कोळणीने हात धुतले, काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळ्यांनी हो म्हटलं. तिने खुर्ची उचलली आणि म्हणाली, "मास्तर, टोपलीपेक्षा हलका हाय रं तू." मी घड्याळ धरलं. पलंगापासून जिन्यापर्यंत पन्नास सेकंद. दार पूर्ण उघडून भिंतीला टेकलं, त्याचा तसा आवाज त्या मंगळवारनंतर मी पहिल्यांदाच ऐकला.

मास्तर जिन्यात बसून आपल्याच दारावरची पाटी वाचत राहिले. "इथे कोणी राहतं वाटतं," ते म्हणाले. मग गंभीर झाले. "आता हिला बघू. हिला येऊ दे बाहेर."

काकू आत होत्या. त्या निघाल्या. तीन फुटांची वाट समोर मोकळी होती, पण त्या भिंतीला पाठ लावून, एका अंगावर, पाऊल सरकवत आल्या, जशा इतकी वर्षं येत होत्या. मला आगीच्या दिवसापेक्षा ते बघून जास्त भीती वाटली. वाट मी मोजू शकत होते. तिच्यावरून चालणारी बाई ती कधी परत भरून टाकेल ते मोजायला माझ्याकडे गज नव्हता.

त्यांच्या हातात वाटी होती. काजळी घासून काढलेली, माझ्या नावाची, बाकीच्या तीस गेल्यावर उरलेली शेवटची. तळाशी साखर. मी हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

"ही राहू दे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "ही दिली की तुझं इथलं काम संपलं."

मी मास्तरांकडे बघितलं. ते पाटी वाचत होते, म्हणजे वाचायचं सोंग करत होते.

"ठेवा," मी म्हटलं. "पण वाटेत ठेवू नका."